वाइनची खोली आणि सोलापूरचा मे महिना

अण्णांचा फोन आला तेव्हा मी पंढरपूरकडच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, चार अंशात, स्वेटर घालून उभा होतो. बाहेर मार्च संपत आला होता. "साहेब, एक बारकं काम हाय. बारा बाय दहाची खोली गार ठेवायची. वाइनसाठी." मी विचारलं, किती गार? "तेच तर तुम्ही सांगा की ओ."

माझा धंदा रेफ्रिजरेशनचा. द्राक्षाला शून्याच्या आसपास, डाळिंबाला पाच ते सात, बेदाण्याला चारेक, हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. वाइनची खोली मात्र पहिलीच. म्हणून या कामात काही गोष्टी शिकत शिकत केल्या, एक चूक आमच्याच हातून झाली, तीही खाली लिहिली आहे. हॉटेलचं नाव अण्णांच्या सांगण्यावरून देत नाही.

हॉटेल अक्कलकोट रोडच्या बाजूला. आसपास यंत्रमागाचे कारखाने, टॉवेल आणि चादरींचे. खाली जेवणाचा हॉल, परमिट रूमचा एफएल-३ परवाना, वर खोल्या. अण्णांची तक्रार अशी की अकलूजजवळ फ्रातेल्लीची वायनरी आपल्याच जिल्ह्यात, तिथल्या बाटल्या पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत मिरवतात, आणि सोलापुरात त्या काउंटरमागच्या फडताळात बिअरच्या खोक्यांशेजारी उकडत पडतात. हॉलच्या मागची कोठीची खोली रिकामी करून तिथे सहाशे बाटल्यांचं दालन करायचं, हॉलच्या बाजूची भिंत पाडून तिथे काच लावायची, म्हणजे जेवणारा माणूस बाटल्या बघत बसेल. काच ही अट होती. तिच्यावर चर्चा नव्हती. परवान्याच्या मंजूर नकाशात ही खोली दाखवून घ्या, एवढं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. ते काम त्यांच्या वकिलांनी केलं.

मी पोचायच्या आधीच त्यांच्याकडे तीन सल्ले जमले होते. नेहमीच्या इलेक्ट्रिशियनचा: दीड टनाचा स्प्लिट एसी, रिमोट सोळावर, काम फत्ते. भाच्याचा: परदेशी वेबसाइटवरचं, भिंतीत भोक पाडून बसवायचं छोटं वाइन कूलिंग युनिट. आणि इंटिरियर करणाऱ्या बाईंचा: परदेशी डक्टेबल युनिट, सगळं एका पेटीत, पेटी दुसऱ्या खोलीत आणि फक्त दोन डक्ट, म्हणजे हवेचे पाइप, वाइनच्या खोलीत. बाईंना यंत्र दिसायला नको होतं, अण्णांना आवाज नको होता. दोघांच्याही मागण्या रास्त होत्या.

गरज किती, हे आधी ठरवलं. वाइन साठवायला १२ ते १४ अंश आणि ५५ ते ७० टक्के आर्द्रता हे जगभर मानलेले आकडे. कारणं साधी आहेत. जास्त उष्णतेत वाइन लवकर म्हातारी होते, आणि पारा सारखा वरखाली झाला की बाटलीतला द्रव फुगतो-आकसतो, बुचाजवळून हवा आत-बाहेर करते. हवा फार कोरडी असेल तर बूच सुकतं, फार दमट असेल तर लेबलावर बुरशी धरते. पण अण्णांच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त बाटल्या स्क्रू कॅपच्या होत्या. त्यांना बूचच नाही, मग सुकणार काय? शिवाय हा माल तीन-चार महिन्यांत संपणारा. वीस वर्षं मुरवायची वाइन इथे कुणी ठेवणार नाही. मी अण्णांना स्पष्ट सांगितलं, बारावर हट्ट धरू नका, चौदावर ठेवू. हिशेब मात्र तेरा धरून केला, हात थोडा सैल राहावा म्हणून. व्हाइट वाइन देताना आठ-दहा अंशाला लागते, तिच्यासाठी काउंटरजवळ वेगळा फ्रिज. हे त्यांना पटायला वेळ लागला, "एवढी खोली करून परत फ्रिज?" असा चेहरा झाला होता.

आता उष्णता किती शिरते ते. खोली आतून ३.६ बाय ३ मीटर, उंची २.६. काच ३ बाय २.४, म्हणजे ७.२ चौरस मीटर. दुपारी साडेतीन ते सात हॉल बंद असतो, तेव्हा हॉलचा एसीही बंद, आणि उन्हाळ्यात आतला पारा ३४ पर्यंत चढतो. हे मी अंदाजाने म्हणत नाही, चार दिवस तिथे थर्मामीटर ठेवला होता. काचेच्या दोन बाजूंत २१ अंशांचा फरक. साधी एकेरी काच लावली तर चौरस मीटरला अंशामागे सुमारे ५.७ वॅट, म्हणजे एकट्या काचेतून ८६० वॅट. दुहेरी काच, मध्ये बंद हवा, असेल तर २.८ च्या हिशेबाने ४२० च्या आसपास. बाकीच्या भिंतींना आतून ७५ मिलिमीटरचं पफ पॅनेल (उष्णता अडवणाऱ्या फोमचं) धरलं, त्या सगळ्या मिळून दोनशे वॅटसुद्धा देत नाहीत. स्लॅबखाली तेच पॅनेल, शंभर वॅट. जमिनीवर ५० मिलिमीटरचं इन्सुलेशन आणि वर फरशी, नव्वद. दार उघडझाकीतून शिरणारी हवा तीनशे. दिवे, माणूस आणि पंख्याची मोटर मिळून दोनशे. बेरीज १३०० वॅट. यंत्र दिवसाचे अठरा तास चालेल आणि सहा तास श्वास घेईल असं धरलं की यंत्राची ताकद निघते सुमारे १,७५० वॅट, म्हणजे अर्धा टन.

अर्धा टन! अण्णांना वाटलं मी चेष्टा करतोय. इलेक्ट्रिशियनने दीड सांगितला होता. त्याचं गणित चुकलं नव्हतं, त्याने इन्सुलेशनच धरलं नव्हतं. विटांची उघडी भिंत आणि एकेरी काच असती तर दीड टनसुद्धा मे महिन्यात धापा टाकत बसला असता. सोलापुरात यंत्राआधी पॅनेलवर पैसे घाला, हे मी कोल्ड स्टोरेजवाल्यांना वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि ते दरवेळी उलटं करतात. अण्णांनी ऐकलं, याचं श्रेय बहुतेक एकेरी-दुहेरी काचेच्या फरकाला. तो आकडा त्यांनी कागदावर दोनदा गोल केला.

मग आर्द्रतेचा प्रश्न, आणि इथे मी स्वतः फसता फसता वाचलो. सोलापूर कोरडं. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांवर येते, ओठ फुटतात, धुतलेली चादर तासाभरात खडखडीत. त्यामुळे बाईंच्या प्रस्तावात हवा ओली करणारा ह्युमिडिफायर होता आणि माझ्याही मनात तो पक्का बसला होता. रात्री सायक्रोमेट्रिक चार्ट, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचा तक्ता, काढला तेव्हा डोळे उघडले. चाळीस अंश आणि वीस टक्के असलेल्या हवेचा दवबिंदू जवळजवळ तेरा अंश निघतो. म्हणजे आपल्याला कोरडीठक्क वाटणारी सोलापूरची दुपारची हवा जशीच्या तशी तेरा अंशांपर्यंत गार केली तर ती ओलीच होते, शंभर टक्क्यांच्या उंबऱ्यावर येते. हवेत पाणी पुरेसं आहे. चाळीस अंशांच्या हवेचं पोट मोठं म्हणून ते कमी दिसतं, इतकंच.

म्हणजे खोली कोरडी करतं कोण? कॉइल, म्हणजे यंत्रातली थंड नळ्यांची जाळी. कॉइलचा पृष्ठभाग जितका थंड तितकं जास्त पाणी तो हवेतून काढून ड्रेनमध्ये टाकतो. कॉइल शून्यावर असेल तर तेरा अंशांची खोली हळूहळू चाळीस टक्क्यांकडे घसरते. पाच अंशांवर असेल तर साधारण ५८ टक्के. आठवर ठेवता आली तर सत्तरच्या पुढे. खोलीची आर्द्रता ठरवायचं बटण हे आहे, आणि ते यंत्र निवडतानाच दाबलं जातं. मोठी कॉइल, जास्त हवा, कमी थंड पृष्ठभाग. छोटी कॉइल घेतली की तेवढंच काम करायला ती जास्त थंड व्हावी लागते, आणि मग आधी पाणी काढून टाका आणि नंतर ह्युमिडिफायर लावून परत घाला, असा खेळ सुरू होतो. ह्युमिडिफायर यादीतून काढला. त्याचं पाणी, त्याचा क्षार, त्याची बुरशी, सगळं वाचलं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने ते यंत्र सहा महिन्यांत पांढरं झालं असतं.

याच कारणाने दीड टनाचा स्प्लिट बाद झाला. रिमोट सोळाखाली जात नाही, ही अडचण लहान; थर्मोस्टॅटला फसवायच्या युक्त्या बाजारात आहेत. मोठी अडचण अशी की ते यंत्र चोवीस-पंचवीस अंशांच्या खोलीसाठी बांधलेलं. खोली तेरावर आणली की त्याची कॉइल शून्याखाली उतरते, बर्फ धरते, वारा अडतो, आणि कॉम्प्रेसरकडे द्रव गॅस परत जायचा धोका. शिवाय अर्ध्या टनाच्या कामाला दीड टन जुंपला की तो पाच मिनिटं पळतो, दहा मिनिटं थांबतो. वाइनला नको असलेलं नेमकं तेच.

भिंतीतल्या छोट्या युनिटची गोष्ट दोन ओळींत संपते. अशी बरीच युनिटं भोवतालच्या हवेपेक्षा सतरा-वीस अंशच खाली नेऊ शकतात, आणि काढलेली उष्णता ती पाठीमागच्या खोलीत सोडतात. आपल्याला २१ अंशांचा फरक हवा होता, आणि पाठीमागे भांड्यांची बंद खोली होती. तिथे अडीच हजार वॅटचा हीटर दिवसरात्र चालू ठेवण्यासारखंच ते.

उरलं परदेशी डक्टेबल युनिट. कल्पना म्हणून मला ते आवडलं होतं. गॅस कारखान्यातच भरून सील केलेला, जागेवर पाइपला वेल्डिंग नाही, गळतीची भानगड नाही. आपण फक्त डक्ट जोडायचे: दोन वाइनच्या खोलीकडे, आणि हवे तर दोन गरम बाजूचे बाहेरून हवा घ्यायला आणि बाहेर टाकायला. पुण्यात, बंगळूरला हे सुखाने चालेल. कॅटलॉगाच्या पहिल्या पानावरची क्षमता वाचून अण्णा खूश होते, कारण ती आपल्या गरजेपेक्षा थोडी जास्तच होती. मी शेवटचं पान काढलं. ती क्षमता तीस अंशांच्या आसपासच्या हवेला मोजलेली, आणि ४३ च्या वर यंत्र चालवू नका असं बारीक अक्षरात. सोलापूरचा मे ४३ ला सहज शिवतो, आणि तोही हवामान खात्याच्या सावलीतल्या थर्मामीटरवर. त्यात ते यंत्र साठ हर्ट्झच्या विजेवर बेतलेलं. आपल्या पन्नास हर्ट्झवर मोटर सहाव्या हिश्शाने हळू फिरते, पंखाही आणि कॉम्प्रेसरही. पन्नास हर्ट्झचं मॉडेल मागवता येत होतं, पण ते येईपर्यंत पावसाळा लागला असता आणि आयात शुल्कासकट किंमत सहा लाखांच्या वर जात होती. बिघडलं तर सुटा भाग कुठून आणायचा? हा प्रश्न मी बाईंना विचारला. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, माहीत नाही.

गरम बाजू म्हणजे काय, हे अण्णांना पटवायला मी त्यांना दुपारी तीनला गच्चीवर नेलं. एप्रिलचा पहिला आठवडा. एक थर्मामीटर स्लॅबपासून फूटभर उंचीवर पत्र्याच्या आडोशाला, दुसरा उत्तरेच्या बोळात पहिल्या मजल्याच्या उंचीवर. अर्ध्या तासाने गच्चीवरचा ४९ दाखवत होता, बोळातला ४०. नऊ अंश! कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, ज्या हवेत बसतो त्या हवेपेक्षा त्याचा गॅस बारा-पंधरा अंश तरी जास्त गरम असावा लागतो, तेव्हाच उष्णता बाहेर पडते. गच्चीवर बसवला तर गॅस साठीच्या पुढे, बोळात बसवला तर पंचावन्नच्या आसपास. तेवढ्या फरकात कॉम्प्रेसरची क्षमता दहा टक्क्यांनी तरी पडते, वीज जास्त खाते ती वेगळीच. सगळे आउटडोअर गच्चीवर टाकायची आपल्या गावची सवय आहे, जागा रिकामी असते म्हणून. ती सवय इथे मोडली.

गॅसही याच हिशेबाने ठरला. कोल्ड रूमसाठी आमच्याकडे ४०४ए सरसकट वापरतात. पण त्याचं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर गॅस कितीही दाबला तरी द्रव होत नाही ते, ७२ अंश. पंचावन्न-साठला तो त्या टोकाच्या जवळ जातो आणि क्षमता पटकन गळते. १३४ए चं क्रांतिक तापमान १०१, म्हणून गरम हवेत तो जास्त शांत राहतो. कॉम्प्रेसर थोडा मोठा लागतो, एवढीच किंमत. शेवटी ठरलं ते असं: डक्टेबल स्प्लिट. ब्लोअर आणि मोठी कॉइल असलेली पेटी भांड्यांच्या खोलीत, छताला टांगलेली. कंडेन्सिंग युनिट उत्तरेच्या बोळात ब्रॅकेटवर, स्वयंपाकघराच्या चिमणीपासून लांब. १३४ए, कॉइलमधला गॅस चार अंशांना उकळणारा, म्हणजे कॉइलचा पृष्ठभाग सहाच्या आसपास. क्षमता ४५ अंशांच्या बाहेरच्या हवेला १,८०० वॅट; हेच यंत्र ३५ अंशांना मोजलं तर २,२०० च्या आसपास. कोटेशन मागवताना मी हा ४५ चा आकडा लाल शाईने लिहिला होता, तरी तीनपैकी दोन विक्रेत्यांनी ३५ चाच आकडा पाठवला.

एक कबुली. काच नसती तर मी डक्टच्या भानगडीत पडलो नसतो. कोल्ड रूममध्ये लावतो तशी पंख्याची कॉइल छताला लावली असती आणि अण्णांचे सत्तर-ऐंशी हजार वाचवले असते. पण साडेआठ फूट उंचीच्या खोलीत ती कॉइल काचेतून सगळ्यांना दिसली असती, वारा थेट बाटल्यांवर आला असता, आणि दुरुस्तीला माणूस आला की वाइनच्या रॅकमध्ये शिडी लावली असती. इथे डक्टचे पैसे मोजणं योग्यच होतं.

डक्टचं गणित नीट केलं, बसवताना घाण केली. खोलीला पाचशे सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास हवा लागत होती, येणाऱ्या-जाणाऱ्या हवेत सहा अंशांचा फरक ठेवायचा म्हणून. ३०० मिलिमीटर व्यासाचे दोन डक्ट घेतले तर वेग सेकंदाला साडेतीन मीटरपेक्षा कमी राहतो आणि शिट्टीसारखा आवाज येत नाही. थंड हवेची पट्टी मागच्या भिंतीवर छताजवळ, काचेकडे तोंड न करता. परतीची जाळी समोरच्या कोपऱ्यात, जमिनीपासून फूटभर वर. दोन्ही जाळ्या शेजारी शेजारी लावल्या तर गार हवा आल्या पावली परत जाते आणि खालच्या रॅकला सतरा, वरच्या रॅकला अकरा असं चित्र होतं. डक्टवर इन्सुलेशन, त्याच्यावर बाहेरून फॉइल, सांधे टेपने बंद. भांड्यांची खोली गरम आणि दमट. फॉइलला फट राहिली तर डक्ट घामाने भिजून छताला डाग पडतो. पफ पॅनेलच्या सांध्यांनाही तोच नियम, वाफ अडवणारा थर नेहमी गरम बाजूला. आपल्याकडे ती बारा महिने बाहेरची बाजू असते, म्हणून निदान एवढ्यात तरी गोंधळ व्हायला नको. तरी होतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र चालू केलं. पहिल्या दिवशी रिकामी खोली दीड तासात चौदावर. दुसऱ्या दिवशी बाटल्या आल्या, हळूहळू भरा म्हणून सांगितलं होतं. सहाशे बाटल्या, पस्तीस अंशांवरून तेरावर आणायच्या, म्हणजे जवळजवळ तेरा युनिट इतकी उष्णता काढायची. एकदम भरल्या तर यंत्राला दीड दिवस पुरायचा नाही. पोरांनी दोन टप्प्यांत भरल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फिटरचा फोन: "सर, वारं येईना झालंय. कॉइलवर बर्फ."

मी वाटेत गॅसचा विचार करत होतो. गेज लावला तर बाहेरच्या बाजूचा दाब २०० पीएसआयच्या जवळ, ठीक. आतल्या बाजूचा मात्र वीसच्याही खाली, पस्तीसच्या आसपास हवा होता. बर्फ वितळवून वाऱ्याचा वेग मोजला. पाचशेच्या जागी २९० सीएफएम. छताची फॉल्स सीलिंग उघडली तेव्हा दिसलं. सरळ पत्र्याच्या डक्टऐवजी आमच्या पोरांनी शेवटच्या आठ फुटांत लवचीक डक्ट वापरला होता, आणि तो बीमखालून नेताना गोल होता तो चपटा झाला होता, भाकरीसारखा. पुढे एक झोळ, त्यानंतर काटकोनात वळण. ब्लोअरला जेमतेम पन्नास पास्कलचा दाब पेलायची ताकद. तो सगळा त्या आठ फुटांत खर्च झाला. हवा कमी, म्हणून कॉइल जास्त थंड, म्हणून बर्फ, म्हणून हवा अजून कमी. यंत्र चुकलं नव्हतं, आम्ही चुकलो होतो. नकाशात तो बीम मी दाखवलाच नव्हता. बीमखालून चौकोनी चपटा पत्र्याचा डक्ट बनवून घेतला, वळणाला मोठी गोलाई दिली, आणि सीएफएम ४८० वर आले. ते काम आमच्या खर्चाने झालं, हेही लिहून टाकतो.

सेन्सरची एक छोटी युक्ती इथेच सांगतो, तिने बराच फरक पडला. सेन्सर हवेत लटकवला की दार उघडल्या उघडल्या यंत्र सुरू होतं. आम्ही तो पाण्याने भरलेल्या एका रिकाम्या वाइनच्या बाटलीत, मधल्या रॅकवर ठेवला. आता तो हवेचा पारा वाचत नाही, वाइनचा वाचतो. वर कॉम्प्रेसरला पाच मिनिटांची सक्तीची विश्रांती आणि आपल्या विजेसाठी स्टॅबिलायझर.

वीज गेली तर काय, हा अण्णांचा प्रश्न मी टाळला नाही. सहाशे बाटल्यांचा साठा उष्णता झेलतो, पण काचेची भिंत असल्यावर फार वेळ नाही. मेच्या दुपारी दोन तास वीज गेली तर वाइनचा पारा दोनेक अंशांनी चढेल, चार तास गेली तर चारेक. एखाद्या वेळी काही बिघडत नाही, रोज झालं तर वाइनची खोली करण्यात अर्थ नाही. हॉटेलचा जनरेटर होता, त्यावर हे एक सर्किट घेतलं.

मेचे शेवटचे दोन आठवडे मी रोजचे आकडे मागवले. बाहेर ४३ पर्यंत, खोलीत १३.५ ते १४.५, आर्द्रता ५८ ते ६४. यंत्र दिवसाला पंधरा-सोळा तास, सगळं मिळून सोळा युनिटच्या आसपास. ह्युमिडिफायर नाही. मी समाधानात होतो.

जुलैत अण्णांचा परत फोन. "काचेला घाम फुटतोय ओ. सकाळी पोरगं पुसतंय, दुपारी परत."

खरं तर दुपारी नाही, पहाटेच जास्त. रात्री अकराला हॉलचा एसी बंद, दारं बंद, बाहेर पाऊस. हॉलमध्ये २८ अंश आणि पंचाहत्तर टक्के. अशा हवेचा दवबिंदू २३ च्या थोडा वर. दुहेरी काचेची हॉलकडची बाजू साधारण साडेतेवीसवर राहते, म्हणजे अगदी काठावर. मधोमध काच कोरडी, पण चारही कडांना, जिथे दोन काचांमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी आहे, तिथून थंडी बाहेर येते आणि तिथे घाम. एकेरी काच लावली असती तर ती वीस-एकवीसवर असती आणि पूर्ण भिंतीवरून पाणी वाहिलं असतं, हे मी अण्णांना सांगितलं. त्यांचं त्याने समाधान झालं नाही. होऊ पण नये.

काच तापवायच्या तारा, हॉलचा एसी रात्रभर चालवणं, असे उपाय सुचत होते. शेवटी हॉलमध्ये काचेसमोर एक भिंतीवरचा पंखा लावला, टायमरवर, रात्री अकरा ते सकाळी आठ, सगळ्यात कमी वेगावर. काचेवरून हॉलची हवा सतत सरकत राहिली की काचेचा पृष्ठभाग हॉलच्या तापमानाकडे अंशभर तरी चढतो, आणि काठावरच्या प्रश्नाला अंशभर पुरतो. कडा कोरड्या झाल्या. एखाद्या फार ओल्या पहाटे खालच्या कोपऱ्यात अजून थोडी धूसर होते, तेवढी पोरगं पुसतं. पावसाळ्यात ड्रेनमधून दिवसाला चारेक लिटर पाणी निघतं, ते अण्णा कुंड्यांना घालतात.

आता एकच गोष्ट नियमित करावी लागते, आणि ती कुठल्याही कॅटलॉगात नव्हती. बोळातल्या कंडेन्सरच्या पत्र्यांवर दर पंधरा दिवसांनी राखाडी लोकरीसारखा थर बसतो, आजूबाजूच्या मागांवरच्या टॉवेलांचा कापूस आणि रस्त्याची धूळ. सप्टेंबरात महिनाभर साफ करायचं राहिलं तर बाहेरच्या बाजूचा दाब २४० पीएसआयवर गेला होता. आता हेड वेटरकडे एक मऊ ब्रश दिला आहे आणि भिंतीवर तारखांचा कागद लावला आहे. तो कागदावर सही करतो, आणि मी अक्कलकोटला जाता-येता थांबून पत्र्यांत बोट घालून बघतो.